भूखंड क्रमांक अकराच्या तीन भेटी

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, अविवाहित, नगरपालिकेच्या जागा विभागात पाहणी अधिकारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुरुवारी माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. कागद करून ठेवा, असेही म्हणतात. माझी बुद्धी शाबूत आहे. थकले आहे, पण ते निराळे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर पाचवे कलम सहा वर्षांपूर्वीच लिहून झाले असते.

१. बँकेतील शिल्लक दादाच्या मुलीला, शिक्षणासाठी. दादाला नाही. आईच्या आजारपणात तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा "तुला एकटीला काय गं लागतं?" म्हणत एकेक वस्तू घेऊन गेला. दुसऱ्या खेपेला शिलाई मशीन नेले. ते त्याच्याकडेच राहू दे. वहिनीला शिवता येत नाही, हे मी मुद्दाम लिहिले. लिहिल्यावर वाईट वाटले. खोडत मात्र नाही.

२. मोजणीची तीस मीटरची टेप माझ्या जागी जो येईल त्याला. ती जागेवर नेऊन वापरावी. टेबलावर बसूनही मोजमापे भरता येतात, हे मला माहीत आहे.

३. माझ्या एकवीस डायऱ्यांपैकी वीस न वाचता जाळाव्यात. सहा वर्षांपूर्वीची निळी जपावी.

४. घराच्या आतल्या दोन खोल्या व सामान दादाच्या मुलीला.

५. रस्त्याकडची खोली, वेगळ्या दारासह, सायकलवाल्या काकांना. कारण असे :

मोकळ्या जागांवर स्वस्त, पर्यावरणपूरक घरे बांधायची नगरपालिकेची योजना आली, तेव्हा अकरा नंबरच्या भूखंडाची पाहणी माझ्याकडे होती. नियम होता : तीन भेटी, तीन वेगवेगळ्या वेळी. जागेवर कोणी काम करत आढळले, तर तळमजल्याच्या घरावर पहिला हक्क त्याचा. मी एकदा गेले, भर दुपारी. कुलूप लावलेली लोखंडी पेटी होती आणि झाडाला टायर टांगलेला. माणूस नव्हता. 'वापर नाही' असे लिहिले. उरलेल्या दोन भेटी आईच्या उशाशी बसून भरल्या. निळ्या डायरीत त्या दोन्ही तारखांना लिहिलेले आहे : 'दिवसभर घरीच. आईचा ताप उतरत नाही.' आई होती म्हणून, असे मी पुष्कळदा स्वतःला सांगितले. पण पाया खणायला घेतला तेव्हा ती पेटी ज्यांची, ते काका माझ्या टेबलाशी आले, त्या दिवशी आईला जाऊन दोन महिने झाले होते. तेव्हाही मी म्हणाले, "नोंद तशी आहे, काका."

घरे चांगली झाली, हेही खरे. सोळा कुटुंबे, जाड भिंती, छतावर सौरपट्ट्या, जमिनीच्या पोटात पावसाच्या पाण्याची टाकी. गाड्यांना जागा नाही, फक्त सायकली लावायचा कठडा. तो नेमका काका बसत तिथेच आहे. ते आता कुंपणाबाहेर ताडपत्रीखाली बसतात आणि आतल्यांच्या सायकली दुरुस्त करतात.

६. हे कलम आज, सह्यांच्या वेळी वाढवले आहे. साक्षीला मी काकांनाच बोलावले होते. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, एवढेच मी पाहून ठेवले होते. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला मिळकत मिळते, तो साक्षीदार चालत नाही." हा नियम मला ठाऊक होता का, हे मी स्वतःला अजून विचारते आहे.

"कसली मिळकत?" काकांनी विचारले.

मीच पाचवे कलम मोठ्याने वाचले. काका हात पुसत राहिले.

"तुम्ही तीनदा आला नाहीत, हे मला नवं नाही बाई. दुपारचं जेवण सोडलं, तर मी रोज तिथंच असायचो ना."

"खोली घ्या, काका."

"म्हणजे तुमच्या मरणाकडे डोळे लावून बसू? आणि ऑपरेशन झक्क झालं तर? रोज सकाळी येऊन तब्येत विचारू?"

दुसऱ्या साक्षीदार म्हणून आलेल्या, खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना हसू आले. मलाही आले. काका मात्र हसत नव्हते.

"कोपऱ्यावरच्या जागेत आणखी आठ घरं होताहेत. अर्ज महिनाअखेर बंद होणार. माझी जागा गेली असं कागदावर असेल, तरच माझा अर्ज घेतील. तुम्ही गेल्यावर खरं निघून मला काय करायचंय? आत्ता सांगा."

म्हणून पाचव्या कलमातील खोलीचे दान रद्द. ती ओळ खोडून बाजूला सही केली आहे. कारण खोडलेले नाही. ती खोलीही दादाच्या मुलीला. सोमवारी दहा वाजता मी निळी डायरी आणि दुरुस्त नोंद स्वतः कार्यालयात देईन. नोकरीचे जे व्हायचे ते होईल. जिवंतपणी करायचे काम मृत्युपत्रात लिहीत नाहीत, असे वकीलबाईंचे म्हणणे आहे. काका म्हणाले, "लिहू द्या हो, आता तरी लिहिताहेत." म्हणून लिहिले.

ठिकाण : राहते घर, रस्त्याकडची खोली
दिनांक : ९ मार्च, शनिवार

लिहून देणार : (सही)

साक्षीदार १ : खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई (सही)

साक्षीदार २ : सायकल दुरुस्त करणारे. या मृत्युपत्राने यांना काहीही मिळत नाही, म्हणून यांची साक्ष चालते. (सही)
पत्ता, त्यांच्याच अक्षरात : भूखंड क्रमांक अकरा