उर्वीच्या करंज्या अन् तिसरी बाटली

नांदेड, शुक्रवार

धुरपताबाई वन्सं, तुमच्या पाया पडते.

न्हाई, उर्वीला मेडिकलचं दुकान न्हाई टाकायचं. तुम्ही तिसऱ्या पत्रात बी तेच विचारलं, म्हणून उत्तर आधी देते, तब्येत मग विचारते. गुडघे कसे हायेत? जीभ धडधाकट हाय हे पत्रावरून कळलंच. संक्रांतीला उदगिराहून धाडलेली हळद पावली. रंग झकास, दळण मात्र जाडंभरडं. (चक्कीवाल्यापुढं डोळे मिटून बसता काय?)

तर उर्वी. भूकंपात घर बसलं तवा सहा महिन्यांची होती. तुमचे भाऊ गेले, ही पाळण्यासकट निघाली. लातूरला दोन वर्षं क्लासला घातली, तरी डॉक्टरकीला नंबर लागला न्हाई, फार्मसीला गेली, अन् तुम्ही उदगीरभर सांगत फिरलात की भाची आता गोळ्या मोजणार. आता ऐका. ती औषध मोजत न्हाई, औषध करून राहिली. हळदीतलं औषध पाण्यात विरघळत न्हाई, म्हणून पोटात गेलं तरी लई थोडं अंगी लागतं, बाकी तसंच बाहेर पडतं. (आपली हयात हळदीचं दूध पिण्यात गेली, सांगायचं कोणाला?) म्हणून ही ते चरबीच्या बारक्या कणांत भरते. मी त्याला करंज्या म्हणते. वरून चरबीची पारी, आत हळदीचं सारण. पण एवढ्या बारक्या की मोहरीच्या एका दाण्यात कोट्यवधी मावतील. मशीनशिवाय दिसत न्हाईत. सातवी शिकलेल्या बाईची पोरगी हाय ही, वन्सं. मी मेथीची जुडी घेताना बी भाजीवालीला सांगते.

कॉलेजातला फ्रीज बंद पडला, म्हणून तीन बाटल्या आमच्या फ्रीजात आल्या, दह्याच्या शेजारी. तीन महिने करंज्या फुटल्या न्हाईत, एकमेकीला चिकटल्या न्हाईत, तरच तिची पीएचडी पुढं सरकणार. या सोमवारी तिचे बसलिंगप्पा सर तपासायला बसले. दोन बाटल्या पहिल्या दिवसासारख्या. तिसरीच्या बुडाला गाळ. सर म्हणाले, कृतीच चुकली असंल, पहिल्यापासून कर. तवापासून पोरगी धड जेवत न्हाई. चार वर्षांच्या वह्या काढून आपली चूक हुडकून राहिली. काल म्हणाली, "आई, सोडून देते. मला जमत न्हाई." भूकंपातून निघालेली पोर, अन् बोटभर गाळापुढं हरली. मी म्हटलं, लाइट गेली असंल. (लाइट गेली न्हवती.)

तुमची भावजय,
केवळाबाई

ता. क. पत्र उदगीरच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती देते, आजच पावंल. माहूरच्या दर्शनाचं निमित्त काढून रविवारपर्यंत या. येत्या सोमवारी ती सरांना पीएचडी सोडल्याची चिठ्ठी देणार हाय. फोन केला असता, पण घर दोन खोल्यांचं, तिला सगळं ऐकू जातं. तिला एक गोष्ट सांगायची हाय, अन् ती तुम्हीच सांगायची. आत्यावर ती ओरडत न्हाई.

आणखी ता. क. कृती चुकली न्हाई. बाटल्यांचा रंग मला फिका दिसला. मोठी माणसं बघणार, पोरीच्या हळदीला रंगच न्हाई म्हणतील, म्हणून तिसरीत तुमची हळद चिमूटभर टाकून हलवून ठेवली. तिन्हींत टाकणार होते, तेवढ्यात ती न्हाणीतून निघाली. अर्धा गुन्हा तुमच्या चक्कीचा हाय.

चिमूट न्हवती, वन्सं. चमचा होता.