माझ्या हातची गोळी

मस्तगड, जालना
ता. ९ डिसेंबर १९५४

चि. धर्मराजास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू परतूरला बराबर पोचलास, हे कळलं. इकडं आश्रमात रोजच्यासारखंच चालू हाय. मायच्या खाटेवर आता एक आंधळी म्हातारी आलीय. तिला पेज पाजून आत्ताच लिहायला बसले.

दहाव्याला तू विचारलंस, मायला शेवटी लई तरास झाला का. मी म्हटलं, न्हाई, झोपेतच गेली. तू डोळे पुसलेस अन् दोन घास जेवलास. ते खोटं होतं, बाबा.

छातीतली गाठ फुटली तवा डॉक्टरांनी दुखणं दबायला अफूच्या गोळ्या दिल्या. मायनं त्या घेतल्याच न्हाईत. तिचा नेम तुला ठाऊक हाय, लेकीला लेकरू झाल्याबिगर लेकीच्या घरचं काही तोंडात घालायचं न्हाई. मला नवऱ्यानं टाकून, मी इथं म्हाताऱ्यांची सेवा करत राहायला येऊन बारा वर्षं झाली, आता कुठलं लेकरू? भाकर चालायची, कारण ज्वारी तू पाठवायचास. मी म्हटलं, माय, हा आश्रम हाय, गोळी डॉक्टरची हाय. ती म्हणायची, "तू राहतीस ते तुझंच घर."

आठ दिवस ती पदर दातात धरून पडली. कण्हायची सुदिक न्हाई, नुसती थरथरायची. कूस बदलताना माझं मनगट धरायची, त्याचे वळ अजून हायेत.

आता लपवत न्हाई. "धर्मराजनं पाठवल्यात" एवढं म्हटलं असतं, तर तिनं गोळी लगेच घेतली असती. पहिल्याच दिवशी मला हे सुचलं होतं. पण मला राग आल्ता. हिचं हगणंमुतणं मी काढून राह्यले, ते चालतं, अन् गोळी चालत न्हाई? इथल्या सगळ्या म्हाताऱ्या माझ्या हातची घेतात. एकदा तरी मायनं घ्यावी, माझी म्हणून घ्यावी, असा हट्ट धरून बसले. रोज सकाळी गोळी पुढं करायची अन् ती तोंड फिरवायची. आठव्या दिवशी मी हरले, तुझं नाव घ्यायला गेले, तवा तिला गिळताच येईना.

तुझ्याशी खोटं बोलताना माझी जीभ अडली न्हाई. तिच्याशी खोटं बोलायला मातर आठ दिवस लागले.

पुढं आलास अन् माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाईस, तरी मी "का" म्हणून विचारणार न्हाई.

मायनं जिचं काही घेतलं न्हाई ती,
तुझी अक्का
दुर्गा