विमानतळावरून माथेरानला कसं यावं, याविषयी

।। श्री नागनाथ प्रसन्न ।।

मुक्काम माथेरान (लेकीच्या घरी, सध्या व्हरांड्यात)
श्रावण लागायला चार दिवस बाकी

सिद्धेश्वर मुक्कामी राहणारे, नव्या घराचे मालक, आमचे मेहुणे श्री. वैजनाथराव यांना कनेरगाव नाक्याच्या संतरामचा, तुमी घेत असाल तर, नमस्कार.

इकडं आमी खुशाल आहोत. तिकडं तुमच्या गुडघ्याची तकलीफ कशी आहे, करुणाबाईंचा खोकला थांबला का, नव्या घराचा स्लॅब अजून गळून राहिला का मिस्त्री म्हणला तसा आपोआप बसला, सगळं सविस्तर कळवावं. तुमी माझाबी फोन उचलत न्हाई आन तुमच्या बहिणीचाबी न्हाई, म्हणून पत्राची पाळी आली. इथल्या पोस्टातली बाई म्हणली, काका, पत्र काहून लिहिता, मेसेज करा की. मी म्हणलं, बाई, ज्यानं आपला नंबर बंद करून ठेवला त्याच्या घरात आता पोस्टमनच शिरू शकतो.

तुमचा राग बराबर आहे. तुमच्या वास्तुशांतीला सख्खी बहीण आली न्हाई, ते माझ्यामुळं. पण माझी बाजू तुमी ऐकलीच न्हाई. त्या दिवशी मी नर्मदेला सकाळी आठालाच स्टँडवर आणलं, बाबूसिंगच्या काळी-पिवळीत खिडकीजवळ बसवलं, तुमचा आहेर तिच्या मांडीवर दिला. जीप भरली. निघणार तेवढ्यात दोन सीट आले, त्यात एक दवाखान्याचा. आता एकतीस वर्षं नाक्यावर हाळी देऊन सीटा भरणारा माणूस काय करील? मी म्हणलं, नर्मदे, तू घरचीच सीट, उतर, मागच्या गाडीनं जा. मागच्या गाडीत नवरी मुलगी बघायला निघालेले पाव्हणे आले. पुन्हा उतरली. तिसऱ्या गाडीला शाळेच्या मॅडम आल्या, त्यांची परीक्षेची ड्युटी होती. तिसऱ्यांदा उतरली. आहेराचं ताट घेऊन रस्ता ओलांडून पलीकडं गेली आन वाशिमच्या एसटीत बसली. मला वाटलं रागानं दोन थांबे जाईल आन येईल. चार दिवसांनी प्रतिक्षाचा फोन आला की आई माथेरानला पोचली.

आता बघा, वैजनाथराव, एवढ्या मोठ्या भारतात तुमच्या बहिणीनं राहायला गाव कोणतं शोधलं, तर जिथं मोटारगाडीला बंदी आहे. प्रतिक्षाचे मालक, आमचे जावई बालाजीराव इथल्या हॉटेलात स्वयंपाकी आहेत हे निमित्त झालं. चार महिने झाले, ती परत यायचं नाव घेईना. मी घरी भाकरी थापायला शिकलो, त्या बाबूसिंगच्या म्हशीनंबी खाल्ल्या न्हाईत. शेवटी प्रतिक्षाला मध्ये घालून विचारलं, आईला म्हणावं, घरी यायला काय घेशील. तिनं निरोप धाडला: विमानानं या. आन विमानतळापासून माझ्या दारापर्यंत नुसते सीट म्हणून बसून या. एकबी हाळी न देता, एकबी माणूस न भरता. बसून राहणं कसं असतं ते कळू द्या. तरच पुढचं बोलू.

म्हणून मी आलो. उद्या तुमाला यावं लागलं तर वाटेची माहिती असावी, यासाठी सगळे मार्ग खाली लिहून राहिलो.

विमानाचं सांगायचं तर ते नांदेडहून सुटलं. वर ढग होते, खाली जमीन होती. सिन्नरच्या अलीकडं चहाला वीस मिनिटं थांबलं आन मंग थेट मुंबई. यापलीकडं विमानाबद्दल लिहिण्यासारखं काही न्हाई.

विमानतळाच्या बाहेर मातर लिहिण्यासारखं लई आहे. तिथं रांगेनं माणसं उभी असतात आन प्रत्येकाच्या हातात नावाची पाटी. मी बघताच ओळखलं, ही आपल्याच धंद्याची मंडळी. पण एकाच्या तोंडातून शब्द निघंना. पाटी छातीशी धरून मुकाट उभे. एकाजवळ जाऊन म्हणलं, मालक, असं उभं राहिल्यानं गाडी भरंल का? पाटीवर काय लिहिलंय? त्यानं वाचून दाखवलं, कोणी मेहता म्हणून होते. मी त्याला फक्त दाखवलं, की आवाज पोटातून काढायचा, शेवटचं अक्षर लांबवायचं आन तीनदा म्हणायचं. (ही हाळी न्हाई, हे शिक्षण झालं. अट मोडली असं धरू नये.) दहा मिनिटांत सहा-सात जण मेहता मेहता मेहताऽऽ, कुलकर्णी कुलकर्णी कुलकर्णीऽऽ करायला लागले, आन खरं सांगतो, मला एकदम आपल्या नाक्यावर आल्यासारखं वाटलं. मंग शिट्टी वाजवत पोलीस आला आन मला टॅक्सीच्या रांगेत नेऊन उभं केलं.

पहिला मार्ग म्हणजे टॅक्सी. माझा नंबर आला, पांढऱ्या कपड्यातल्या ड्रायव्हरनं पिशवी घेतली, मला मागं बसवलं आन गाडी चालू केली. एका माणसावर. मागं दोन जागा रिकाम्या, पुढं एक. मला वाटलं याच्या घरून काही वाईट बातमी आली असल. विचारलं तर म्हणतो, साहेब, तुमी पूर्ण गाडी केली ना. वैजनाथराव, मी डोळे मिटले, मांड्या दाबून धरल्या, तुमच्या बहिणीची अट आठवली. पण रिकाम्या सीटचा एक आवाज असतो, तो तुमाला ऐकू यायचा न्हाई. गाडी फाटकापर्यंत गेली आन माझं डोकं आपोआप खिडकीबाहेर गेलं. पुढचं तोंडानं केलं, मी न्हाई.

बदलापूरच्या एक बाई दोन बॅगांसकट आल्या. कर्जतचे तिघं भाऊ आले. एक गृहस्थ गोव्याला निघाले होते, त्यांना समजावलं की पनवेलला उतरा, तिथून गोव्याच्या गाड्याच गाड्या. आता मागं चौघं झाले आन पुढं मी नि गोव्याचे. तेवढ्यात अजून एक सीट दिसली. ड्रायव्हरला म्हणलं, थोडं दाराकडं सरका, अर्ध्या सीटवर बसून चालवा, आमचा बाबूसिंग एक पाय बाहेर टाकून औंढ्यापर्यंत नेतो. तो सरकंना. माझ्याकडं असा बघून राहिला की मीच गप बसलो. (मागं तिघांच्या जागेत चौघं कसे बसले ते विचारू नका. एकजण पुढं सरकून बसायचा, एकजण मागं टेकून, ही विद्या आपल्याकडंच आहे.) पनवेलला गोव्याचे उतरले ते माझ्या पाया पडले. का ते मला अजून कळलं न्हाई, बहुतेक सुटले म्हणून.

टॅक्सीनं मला नेरळला सोडलं. दुसरा मार्ग, तिथून वर जाणारी छोटी आगगाडी. ती पावसाळ्यात बंद. म्हणून तिच्याबद्दल मला कसलीच तक्रार न्हाई.

तिसरा मार्ग नेरळच्या स्टँडवरून घाटानं वर जाणाऱ्या वडाप टॅक्सीचा. इथं, वैजनाथराव, माझे डोळे भरून आले. गाडी उभी, ड्रायव्हर बाहेर तंबाखू मळत उभा, आन सीटा पूर्ण झाल्याशिवाय चाक हलणार न्हाई. मुंबई सोडून एवढ्या लांब आपली माणसं भेटली. मी शहाण्यासारखा आत जाऊन बसलो आन अर्धा घंटा तोंडातून अवाक्षर काढलं न्हाई. ह्या अर्ध्या घंट्याचं तुमी तुमच्या बहिणीला आवर्जून सांगावं.

घाट चढून दस्तुरी नावाच्या नाक्यावर सगळ्या गाड्या थांबतात. पुढं गाव अडीच-तीन किलोमीटर, आन मोटार न्हाई. तिथून चार प्रकार. पहिला घोडा. मी विचारलं, याच्यावर दोन सीट बसतील का, तर घोडेवाला आन घोडा दोघंबी नाराज झाले. दुसरा, माणसानं ओढायची हातरिक्षा. तिच्यात बसलो, पण वीस पावलांवर मला राहवंना. पुढं एक माणूस मला ओढून राहिला आन मी छत्री धरून बसलेला. खाली उतरून मागून ढकलायला लागलो. तो म्हणला, काका, मंग बसायचं काहून? त्याचं भाडं देऊन परत नाक्यावर आलो. तिसरा प्रकार पायी. चौथा, विजेवर चालणारी रिक्षा, तिला परवानगी आहे.

त्या विजेच्या रिक्षात मी बसलो. एकटाच होतो. आता शेवटचा टप्पा, तोंड बंद ठेवलं की जिंकलो. पण समोर पावसात माणसं भिजून राहिली होती आन माझ्या बाजूला जागा. मी एकदाच म्हणलं, बाजार बाजार बाजारऽऽ. रिक्षा भरली. चाक हलणार तेवढ्यात एक म्हातारी आली, पाय सुजलेले, कमरेला औषधाची पिशवी. रिक्षावाला म्हणला, जागा न्हाई. आन माझ्या तोंडात सवयीनं शब्द आले, ओ, जरा एक सीट उतरा. सगळ्यांवर नजर फिरवली. कुणाला उतरवावं? सगळी भाड्याची सीट. घरची सीट कोण, तर मी.

मी उतरलो. म्हातारी बसली, रिक्षा गेली. मी पिशवी धरून पावसात उभा राहिलो आन मला पहिल्यांदा कळलं की गाडी भरून निघून गेल्यावर मागं उरलेल्या माणसाला कसं वाटतं. लई वाईट वाटलं, वैजनाथराव. आपल्या नाक्यावर एवढी वर्षं मी तिकडं कधी बघितलंच न्हाई, माझं ध्यान सदा पुढच्या गाडीकडं. नर्मदा तीनदा उतरली होती, हातात ताट घेऊन, नवं लुगडं नेसून, सगळ्या नाक्यासमोर. मी तांबड्या चिखलातून गावापर्यंत चालत आलो.

तिनं दार उघडलं. पायावर पाणी घातलं, चहा दिला. विमान कसं होतं विचारलं. मी म्हणलं, बरं होतं, नांदेडपर्यंत वैजनाथरावांनी सोडलं. ती म्हणली, वैजू कधी खोटं बोलत न्हाई, राखी धाडायचीच आहे, त्यात त्यालाच विचारते, नांदेडला विमानतळावर सोडायला कोण गेलं होतं ते. तोवर तुमचं अंथरूण व्हरांड्यात. असं सध्या चालू आहे. माकडं रोज सकाळी येऊन पांघरूण ओढतात.

करुणाबाईंना नमस्कार सांगावा. राग सोडावा.

आपला दाजी,
संतराम

ता.क. १ : आमच्या घरच्या पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरवर पोतं टाकून ठेवायला बाबूसिंगला सांगावं. पाऊस उडतो.

ता.क. २ : खरी गोष्ट ही की मी विमानात बसलो न्हाई. चहाचं वाचून तुमच्या ध्यानात आलंच असल. हिंगोलीत तिकीट काढायला गेलो होतो, पण मनात एकच विचार आला, वर गेल्यावर सीट जास्त झाली तर घरच्या माणसाला उतरवतात कुठं? तिथून जो मागं फिरलो तो ट्रॅव्हल्सनं मुंबई गाठली. रिक्षा करून विमानतळावर गेलो, बाहेर येणाऱ्या माणसांत मिसळलो आन तिथून प्रवास सुरू केला. म्हणजे विमानतळापासून पुढचं एक अक्षर खोटं न्हाई. तुमी फक्त एवढंच लिहा, की दाजींना नांदेडला मीच सोडलं, माझ्या डोळ्यांदेखत विमान उडालं. एका ओळीचं काम आहे. तुमच्या पाया पडतो. घर खायला उठतं, वैजनाथराव. तिच्याशिवाय मला तिथं राहवत न्हाई, हे तिला सांगायची मला लाज वाटते, म्हणून तुमाला लिहून राहिलो.

ता.क. ३ : (हे अक्षर माझं, नर्मदाचं.) वैजू, ह्यांनी टपालात टाकायला प्रतिक्षाजवळ दिलेल्या याच पाकिटात राखी टाकायला घेतलं आन सगळं वाचलं. विमानाचं मला पहिल्याच दिवशी कळलं, त्यांची पँट धुवायला घेतली तर खिशात ट्रॅव्हल्सचं तिकीट. तू खोटं काही लिहू नको, तुला जमायचं न्हाई. हे येणार त्या दिवशी मी छत्री घेऊन दस्तुरीला गेले होते, घोड्यांच्या मागं उभी होते. माझ्या कानावर हाळी आली तेव्हा वाटलं, आता तशीच माघारी जावं. मंग ते उतरले. कुणी न सांगता, स्वतः. त्यांच्या मागं मागं गावापर्यंत मी चालत आले आन शेवटी आडवाटेनं मागच्या दारानं जाऊन आधी घरात बसले, त्यांना पत्ता न्हाई. मला तेवढं बास झालं. राखीनंतर आमी दोघं आधी तुझ्या घरी येतो, तुझा आहेर अजून माझ्याजवळच आहे. ह्यांना यातलं काही सांगितलेलं न्हाई. पत्र गेलं असं समजून व्हरांड्यात पडून रोज पोस्टमनची वाट बघून राहिलेत. तू उत्तर सावकाश पाठव.