मागच्या दाराचं कुलूप

डोंगुआन, १२ एप्रिल

प्रिय आई,

तुझ्या बोलभांड लेकीचा नमस्कार. मिरच्यांचं लोणचं पोचलं. अर्धं मैत्रिणींनीच फस्त केलं.

आमच्या पॅकिंग विभागाला मागे एक दार आहे. आमचे कपडे विकत घेणाऱ्या एका कंपनीचे तपासनीस म्हणायचे, माल चोरीला जाईल, कुलूप लावा. दुसरीचे म्हणायचे, आग लागली तर? उघडं ठेवा. पहारेकरी तानकाका पाहुणा बघून कुलूप लावायचे नि काढायचे. गेल्या महिन्यात दोघे एकाच दिवशी आले. गोंधळून काकांनी कुलूपही लावलं आणि वर ‘संकटकाळी बाहेर पडा’ ही पाटीही टांगली!

तेव्हा सगळ्या कंपन्यांनी मिळून एकच तपासणी ठरवायला कारखान्यात बैठक घेतली, आम्हा कामगारांनाही बोलावलं. मी उभी राहिले.

“चोरीला गेलेले कपडे पुन्हा शिवता येतील. माणसं कुठून शिवून आणणार?”

“पोरी, खाली बस, नोकरी घालवशील,” काका कुजबुजले. मी बसले नाही.

काल नवं दार बसलं. बाहेरून बंद, आतून ढकललं की उघडतं आणि घंटा वाजते. काकांनी पहिल्यांदा मलाच ढकलायला लावलं.

बाबांचा खोकला कमी झाला का?

आई, मी खिडकीपाशी बसते असं तुला लिहायचे, ते खोटं होतं. आमच्याकडे खिडकी नाहीच. आग लागली तर बाहेर पडायला ते एकच दार आहे. आता सांगायला हरकत नाही.

तुझीच,
श्वेयिंग