डाव्या पायाला काम नाही

प्रिय दादा,

पाकीट बघून वहिनीच्या छातीत धस्स होईल, म्हणून आधीच सांगतो, मी धडधाकट आहे. माल उतरवायच्या रांगेत माझ्यापुढे अकरा ट्रक आहेत, ऊन डोक्यावर आलंय आणि बोलायला कोणी नाही. फोनवर तू 'हं' म्हणतोस, मीही 'हं' म्हणतो आणि तब्येत सांभाळ म्हणून दोघं मोकळे होतो. म्हणून आज कागद घेतला.

मला नवा ट्रक मिळालाय. त्याला क्लचच नाही! म्हणजे आहे, पण पायाशी नाही. आधी मीही नाक मुरडलं. मग शिकवायला आलेल्या मिस्त्रीनं कापून ठेवलेला गिअरबॉक्स दाखवला. आत सगळं आपलंच जुनं, तेच गिअर, तीच क्लच प्लेट. फक्त प्लेट सोडवायला पायाऐवजी हवेचा दाब आणि गिअर टाकायलाही हाताऐवजी हवाच. कधी टाकायचा ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. वजन किती, चढ किती, इंजिन किती फिरतंय, सगळ्यावर त्याचं लक्ष. गाडी रिकामी असली तर पठ्ठ्या मधले दोन गिअर गाळून थेट पुढचा टाकतो.

पहिल्याच सिग्नलला मी फजिती करून घेतली. सवयीनं डावा पाय क्लच शोधायला गेला आणि पुऱ्या जोरानं ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी थांबली, मिस्त्रीचा चहा त्याच्याच शर्टावर. त्यानं मला तो पाय सीटखाली दुमडून ठेवायला लावला. बावीस वर्षं राबलेला पाय आता दिवसभर बसून खातो. मला त्याच्याकडे बघवत नाही, तुझा पाय आठवतो.

गिअर बदलताना ही गाडी आधी इंजिनचा जोर सोडते, आतले वेग जुळवते आणि मग अलगद पुढचा गिअर बसवते. पहिल्यांदा तो आवाज ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. दादा, हे तर तू करायचास! आपण जोडीनं चालवायचो त्या शेवटच्या वर्षी क्लच न दाबता, नुसत्या कानानं वेग जुळवून गिअर टाकायचास. बाकीचे ड्रायव्हर वाहवा करायचे आणि तू मिशीत हसायचास. गुडघा गेलाय म्हणून तू क्लच चुकवतोयस, हे फक्त मला ठाऊक होतं. थांबलेली गाडी उचलताना मात्र क्लच दाबावाच लागायचा. तेव्हा तू ओठ चावायचास आणि मी मागच्या बाकावर डोळे मिटून पडून राहायचो. तू माझं नाव झोपाळू ठेवलंस, मीही ते मिरवलं.

कॉम्प्युटर हुशार आहे, पण चाकाखालचा चढ त्याला कळतो, वळणापलीकडचा नाही. तिथं मी हातानं बटण दाबून एक गिअर आधीच खाली घेतो आणि बाजूच्या सीटकडे बघतो. 'खाली घे' असं तिथून कोणी म्हणत नाही. या ट्रकवर मी एकटाच असतो. परवा डबा उघडला आणि अर्धी भाजी झाकणात काढून ठेवली, तुझ्यासाठी. मग ती परत डब्यात ओतली.

पुलाचा तो चढ तू विसरला नसशील. तुझा पाय क्लचवरून सुटला, इंजिन बंद पडलं आणि भरलेला ट्रक मागे घसरला. मागच्या गाडीत एक बाई आणि तिची लेक होती. वीतभर अंतर राहिलं. तू उतरून हात जोडलेस, परत चढलास आणि मला म्हणालास, काही नाही, झोप. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या डॉक्टरनं तुझा गुडघा तपासला आणि तुझी गाडी गेली. चार वर्षं तू त्या डॉक्टरला शिव्या देतोयस.

आता खरं कारण लिहितो. लांबच्या फेऱ्यांसाठी जोडीनं चालवणारी जुनी माणसं हवी आहेत. बुधवारी चाचणी आहे, या गाडीला डावा पाय लागत नाही आणि मुकादमानं तुझं नाव लिहून घेतलंय. एवढं फोनवर सांगितलं असतं तरी तू धावत आला असतास. पण मग तुझ्या शेजारी बसून मला जन्मभर झोपेचं सोंग घ्यावं लागलं असतं, आणि ते आता माझ्यानं होणार नाही. दादा, डॉक्टरनं स्वतःहून काहीच शोधलं नव्हतं. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी मुकादमाकडे गेलो होतो. पुलावर मी जागा होतो, आरशात ती पोरगी मला दिसली होती. सांगितलं याचा पस्तावा नाही. तुला आधी सांगितलं नाही, ते मात्र चार वर्षं गिळता येत नाही. माझ्याबरोबर बसायचं नसेल तर दुसरा जोडीदार मिळेल, तेही बोलून ठेवलंय. पण ये. मी सकाळपासून ऑफिसच्या फाटकाशी उभा असेन.

तुझाच,
झोपाळू