फुग्यांची ज्यूरी

अण्णा, मागच्या शुक्रवारी मी ज्यूरीत बसले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली. इथे बहरीनमध्ये खटलाबिटला काही नव्हता, आमच्या मराठी मंडळाची पाककला स्पर्धा होती. अध्यक्षांनी फोनवर "तुम्ही ज्यूरी मेंबर" म्हटलं आणि मी कडक इस्त्रीची साडी नेसून, कोरी वही आणि दोन पेनं घेऊन तयार झाले. सनद भागातल्या आमच्या घरापासून नईम भागातल्या हॉलपर्यंत मुलगी गाडी चालवत होती आणि हसत होती. "आई, इट्स ओन्ली टेस्टिंग. चव बघ आणि मार्क दे." मी तिला सांगितलं, ते काम परीक्षकाचं. ज्यूरी वेगळी.

मला ती वेगळी असल्याचं नवव्या वर्षी कळलं. तुम्ही छापखान्यातून रजा घेऊन, काळा कोट घालून चार दिवस मुंबईच्या कोर्टात जाता. मालकाचं घड्याळ चोरल्याचा आरोप असलेला एक नोकर, आणि त्याचा निवाडा करायला नऊ साधी माणसं. त्यांतले एक तुम्ही, प्रूफं तपासणारे. पाचव्या दिवशी वर्तमानपत्रात येतं : आठ विरुद्ध एक, दोषी. आई तुमच्या तोंडाकडे एकदाच बघते. "तो एक म्हणजे आमचंच रत्न. अहो, आठ जणांना दिसलं नाही असं तुम्हाला काय दिसलं?"

"आठ जण वाचून गेले तरी प्रूफात चूक राहते."

"कसली चूक?"

"ज्यूररला कारण विचारायचं नसतं."

आईनं आठवडाभर तुम्हाला बिनसाखरेचा चहा दिला. तुम्ही तो तसाच प्यायलात. मी त्याहून वाईट केलं. "अण्णा, तुम्ही लाच खाल्लीत?" असं सरळ विचारलं. तुम्ही हात उगारला नाहीत. पेनाला टोपण लावलंत आणि म्हणालात, "निकाल उघड, कारण आपल्यापाशी. हे ज्याला पाळता येत नाही, त्यानं दुसऱ्याचा न्याय करायला बसू नये." पुढे ज्यूरीची पद्धतच बंद झाली. ती बातमी छापायला आली त्या दिवशी तुम्ही प्रूफात तीन चुका सोडल्यात. तुमच्या उभ्या नोकरीत तेवढ्याच.

तर हॉलमध्ये आम्ही तिघं : मी, नागपूरचे एक लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ आणि एक डॉक्टरीणबाई. सगळ्यांत सरस निघाले वसईच्या एका बाईंचे फुगे, म्हणजे मैद्याचे, नारळाच्या दुधातले, तळलेले गोळे. त्या एका हॉटेलच्या लाँड्रीत काम करतात. फुगे आणले होते हॉटेलचं नाव छापलेल्या डब्यात. अध्यक्षांनी डबा पाहिला आणि आम्हा तिघांना मागच्या खोलीत नेलं. फुगे हॉटेलच्या किचनमधून उचललेत, म्हणाले. त्याच हॉटेलनं आपल्याला टेबलं दिलीत, तेव्हा त्यांना कळवणं भाग आहे. पत्र तयार होतं. खाली तीन सह्यांची जागा.

त्या पत्रानं बाईंची नोकरी जाणार होती, आणि नोकरीबरोबर व्हिसा.

डॉक्टरीणबाईंनी सही केली. "घरी इतके एकसारखे होतात का कधी?" लिफ्टवाल्यांनी पेन उघडलं. अध्यक्ष मला म्हणाले, "आंटी, यल्ला, चला, सही करा. मग खलास."

मी म्हटलं, "आरोपीला बोलवा."

"आंटी, हे काय कोर्ट आहे?"

"ज्यूरी तुम्ही बोलावलीत. आता कोर्टही होईल. आणि तुम्ही बाहेर थांबा. ज्यूरीच्या खोलीत फिर्यादी बसत नाही."

बाई आल्या. डबा हॉटेलचाच, म्हणाल्या, स्टाफचं जेवण त्यात येतं, धुऊन ठेवला होता. मग एकसारख्या फुग्यांचं काय, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. बाईंनी डावा हात पुढे केला, मूठ वळली आणि अंगठ्याजवळून पीठ कसं वर दाबून काढतात ते दाखवलं. "बाई, मूठ एकच आहे माझी. फुगे वेगळे कुठून होणार?"

लिफ्टवाल्यांनी पेन खिशात घातलं. "एका मापाचं काम हातानं होतं. मी रोज करतो." मग डॉक्टरीणबाईंनी स्वतःची सही इतकी खोडली की कागद फाटला. बाईंना पहिलं बक्षीस दिलं. अध्यक्षांनी कारण विचारलं. मी सांगितलं, ज्यूररला कारण विचारायचं नसतं. गाडीत मुलीनं विचारलं, तिलाही तेच. ती म्हणाली, "यू आर इम्पॉसिबल." आई तुम्हाला हेच म्हणायची, मराठीत आणि जास्त लांब.

पण अण्णा, तुम्हाला खरं सांगते. मी अडून बसले तेव्हा ती मूठ मी अजून पाहिली नव्हती. शंका वगैरे नंतर आली. आधी आली ती त्या "आंटी"ची चीड. पासष्ट वर्षं मी तुमच्या कारणाला फार मोठं समजत आले. आता वाटतं, त्या आठांतल्या कुणी तुम्हाला "ओ प्रूफवाले, लवकर आटपा" म्हटलं असेल, तर?

तुम्ही शेवटपर्यंत कारण आपल्यापाशी ठेवलंत, आणि मला आठवडाभरही जमलं नाही. म्हणून हे पान वहीतच राहू दे. तुम्ही वाचलंत, तर पुन्हा पेनाला टोपण लावाल.