पुंजका धरलेला की फुटणारा

चार पानं लिहिलीस, आणि जेवतोस काय, खोकला गेला का, याची एक ओळ न्हाय. सगळे तारेच तारे. अक्षरं लावता लावता माझे डोळे गेले.

प्रिय चंदर, शिव्या आधी देऊन टाकल्या. आता बोलते.

मला कळलं ते असं. करोडो ताऱ्यांची एक दीर्घिका, आणि अशा दीर्घिकांचे पुंजके. हैदराबादेच्या वेधशाळेत तुम्ही त्यांचा वेग बघून पुंजक्याचं वजन काढता. उजेडावरून काढलं तर थोडं येतं, वेगावरून कितीतरी पट जास्त. एवढ्या पळतात तर पांगायला हव्यात. म्हणजे न दिसणारं काहीतरी त्यांना धरून हाय. न्हायतर त्या खरंच पांगतायत, आणि आपण मधूनच बघतोय. खरं कुठलं, ते तुमच्या साहेबांनाही ठाऊक न्हाय. हे मला आवडलं.

पण एक विचारते. होडी पाण्यात किती दबलीय त्यावरून आम्ही बाया मासळीचा अंदाज करतो. मागे शेजारच्या दादूची होडी काठापर्यंत दबून आली. आम्ही टोपल्या घेऊन धावलो, तुझ्या आईने तर व्यापाऱ्याशी भावसुद्धा ठरवला. आत निघालं पाणी! तळाला फट. बिचारा दादू उपाशी, भिजलेला, वर आमच्याच शिव्या. तर तुमचं ते न दिसणारं वजन कशाचं, ते बघितलंत का?

आणि पुंजका धरलेला की फुटणारा, हे ओळखायचं कसं? मला घाई हाय. तुझा बाप हिरामण आणि काका दिनानाथ एकमेकांशी बोलत न्हायत. दिनानाथला होडीला इंजिन हवं, हिरामणला शीडच पुरे. पावसाळा म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढल्यात. दोघं एकाच जाळ्याच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून शिवत बसतात. जाळं मधे फाटलेलं असलं तर दोघंही तिकडे सरकतात, पण तोंडातून शब्द न्हाय. नारळी पुनव झाली की दिनानाथ मुंबईच्या गोदीत कामाला जाणार म्हणतो. मग एकट्या हिरामणला होडी झेपायची न्हाय. मी घसा बसेस्तोवर ओरडले. उपयोग शून्य.

म्हणून हे लिहिलं. तुझं उत्तर हिरामणच्या नावाने घाल. त्याला वाचता येत न्हाय, आणि त्या दिवशी माझा चष्मा सापडायचा न्हाय. वाचायला उरतो एकटा दिनानाथ. तारे भरपूर घाल, अवघड घाल, म्हणजे हिरामण दर ओळीला अडवेल आणि दिनानाथला समजावत बसावं लागेल. साहेबांकडून नको, दोस्ताकडून नको, उत्तर तूच लिहायचं, आणि पुनवेच्या आत.

तुझीच,
आजी गोदूबाई, रेवदंडा